एक्सएसएलटीमध्ये नोडची जागा शोधताना या चुका टाळा

एक्सएसएलटी ही एक्सएमएल फाइलीला दुसरं रूप देणारी भाषा. ती फाइल नोडच्या झाडासारखी वाचते; प्रत्येक घटक, मजकुराचा तुकडा किंवा कॉमेंट म्हणजे एक नोड. तिचं पोझिशन() हे फंक्शन झाडातली जागा सांगत नाही. प्रोसेसरच्या (एक्सएसएलटी चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हातात या क्षणी नोडची जी यादी आहे, तिच्यात हा नोड कितवा, एवढंच सांगतं. १९९९ च्या १.० आवृत्तीपासून नियम हाच आहे, आणि चुकाही त्याच.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: बिलातल्या ‘वस्तू’ घटकांना १, २, ३ असे अनुक्रमांक हवेत, छापून येतात २, ४, ६. कोणते नोड घ्यायचे हे सांगणारं सिलेक्ट न देता अप्लाय-टेम्प्लेट्स (नोडवर प्रक्रिया करा, ही आज्ञा) लिहिलं की सगळे चाइल्ड नोड, म्हणजे थेट आतले नोड, यादीत येतात, दोन वस्तूंमधल्या नव्या ओळीचे आणि स्पेसचे टेक्स्ट नोडसुद्धा. उतावळे नवशिके इथे २ ने भागून मोकळे होतात. आकडे जुळतात, काम पुढे सरकतं. मग पाठवणारी सिस्टीम एके दिवशी तीच फाइल एका सलग ओळीत पाठवते आणि बिलावर ०.५, १, १.५ छापलं जातं. तिसऱ्या वस्तूआधी एखादी कॉमेंट असली तर ती वस्तू चौथी होते. एमएसएक्सएमएल हा मायक्रोसॉफ्टचा प्रोसेसर नुसत्या मोकळ्या जागेचे नोड आपणहून टाकून देतो. म्हणून तिथे नीट चाललेली स्टाइलशीट (एक्सएसएलटीत लिहिलेली फाइल) सॅक्सन या दुसऱ्या प्रोसेसरवर नेली की बिघडते.

भागाकार कधीच नको. सिलेक्टमध्ये थेट ‘वस्तू’ लिहा. नुसता * (कुठलाही घटक) दिलात तर वस्तूंआधी ‘ग्राहक’सारखा दुसरा घटक असल्यास तोही मोजला जाईल. नुसत्या मोकळ्या जागेचे नोड काढून टाकणारं स्ट्रिप-स्पेस चालतं, पण त्याने कॉमेंट जात नाहीत, आणि मजकुरातल्या ठळक व तिरप्या शब्दांमधली स्पेस उडते.

दुसरी चूक सॉर्टची. सॉर्ट लावल्यावर पोझिशन() नवा क्रम देतं. मूळ जागेसाठी त्याच पालकातल्या आधीच्या वस्तू मोजा, म्हणजे काउंट(प्रिसीडिंग-सिब्लिंग::वस्तू) + १ लिहा. १०,००० वस्तू असतील तर ही मोजणी साधारण ५ कोटी नोडवर जाते, तेव्हा मोठ्या फाइलीत जपून. क्रमांक छापणाऱ्या एक्सएसएल:नंबरला व्हॅल्यू दिली नाही तर तेही सॉर्टकडे न बघता मूळ झाडातच मोजतं. प्रकरण २, कलम ३ असा ‘२.३’ क्रमांक हवा असेल तर लेव्हल मल्टिपल ठेवा आणि काउंटमध्ये ‘प्रकरण|कलम’ लिहा. हातानं आकडे जोडत बसण्यापेक्षा हे केव्हाही भरवशाचं.

सिलेक्टमध्ये नुसता टिंब (म्हणजे फक्त चालू नोड) दिला की पोझिशन() कायम १.

//वस्तू[१] म्हणजे प्रत्येक पालकाची पहिली वस्तू. अख्ख्या फाइलीतली पहिली हवी तर (//वस्तू)[१].

प्रिसीडिंग अक्षात (आधी आलेले नोड शोधण्याच्या दिशेत) पूर्वज, म्हणजे ज्यांच्या आत हा नोड आहे ते घटक, येत नाहीत. नोड किती पातळ्या आत आहे हे मोजायला अॅन्सेस्टर (पूर्वजांचा अक्ष) घ्या.

चौकटी कंसात नोड निवडायची अट असते; तिथलं पोझिशन() बाहेरच्या नोडचं नसतं, तपासल्या जाणाऱ्या नोडचं असतं. ‘दर’ (किंमत) या घटकावरची दर[पोझिशन()=पोझिशन()] ही अट नेहमीच खरी ठरते: किंमत छापणारं व्हॅल्यू-ऑफ एक्सएसएलटी १.० मध्ये दर वेळी पहिलाच दर छापतं, २.० मध्ये सगळे. बाहेरचा आकडा आधी व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि कंसात तोच वापरा.