धाकट्या प्लिनीचं पत्र कसं वाचावं

रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म कसा रुजला हे समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात या धर्माला आश्रय देणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाइनपासून करू नका. त्याच्या दोनशे वर्षं आधीचा एक सरकारी पत्रव्यवहार शिल्लक आहे, तो आधी काढा. इ.स. 112 च्या सुमारास बिथिनिया-पाँटस प्रांताचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या काळ्या समुद्रालगतच्या मुलखाचा गव्हर्नर धाकटा प्लिनी सम्राट ट्रेजनला विचारतो: ख्रिस्ती म्हणवणारे लोक माझ्यासमोर आणले जातायत, त्यांचं काय करू? ट्रेजनचं उत्तरही आहे. प्लिनीच्या पत्रसंग्रहाच्या दहाव्या खंडातली ही 96 आणि 97 क्रमांकाची पत्रं. इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि वाचायला अर्धा तास पुरतो.

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात झाली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. वरिष्ठांकडे मार्गदर्शन मागणारी पत्रं मी खूप लिहिली आणि त्याहून जास्त वाचली. अशा पत्रात लिहिणाऱ्याने विचारलंय काय हे नंतर बघावं. विचारण्याआधी करून काय टाकलंय, ते आधी शोधावं.

म्हणून पहिल्या वाचनात कागदावर दोन रकाने आखा. एकात प्रश्न: वयाप्रमाणे फरक करायचा का? पश्चात्ताप केला तर माफी द्यायची का? शिक्षा नुसत्या नावाला, की त्या नावाखाली केलेल्या गुन्ह्याला? दुसऱ्यात कारवाई: ‘तू ख्रिस्ती आहेस का’ असं तीनदा विचारलं, शिक्षेची धमकी दिली, तरी हो म्हणणाऱ्यांना मृत्युदंडासाठी पाठवलं. रोमन नागरिक होते त्यांना रोमला पाठवायचं ठरवलं. रकाने समोरासमोर ठेवले की दिसतं, गुन्हा कोणता हे ठरण्याआधीच माणसं मारली गेली होती. प्लिनीचं समर्थन एवढंच की गुन्हा काहीही असो, हट्टीपणाला तरी शिक्षा हवीच.

दुसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्यापुढे लिहा, हे सांगतंय कोण. ख्रिस्ती लोकांच्या सभेचं वर्णन प्लिनीचं नाही. ते आहे पूर्वी ख्रिस्ती असलेल्या आणि आता सोडलं म्हणणाऱ्यांच्या जबाबातलं. ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमायचं, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणायचं, चोरी, लूट, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणाची ठेव बुडवणार नाही अशी शपथ घ्यायची. मग पांगायचं आणि जेवायला पुन्हा एकत्र यायचं, अन्न साधंच.

हे खरं का, याची खात्री करायला प्लिनीने दोन दासींचा छळ करवला. इथे थांबा, घाई करू नका. या बायकांना ख्रिस्ती मंडळीत ‘सेविका’ (लॅटिनमध्ये ministrae) या पदनावाने ओळखतात, असं तो लिहितो. म्हणजे कायद्याने मालकीची वस्तू असलेल्या दासींना त्या मंडळीत काही पद होतं. त्या काय बोलल्या, त्यातलं एक वाक्यही पत्रात नाही. हाती लागली ती फक्त विकृत, अतिरेकी अंधश्रद्धा, असा शेरा मारून प्लिनी पुढे जातो. हा धर्म का वाढला याचं मला सापडलेलं सगळ्यात बोलकं कारण या न नोंदलेल्या जबाबाच्या कडेला आहे: दासींनाही पद देणारी मंडळी.

शेवटचा परिच्छेद मात्र जपून वाचा. सर्व वयांचे, सर्व थरांतले, स्त्रिया आणि पुरुष यात आहेत, शहरांतच नव्हे तर खेड्यांत आणि शेतशिवारातही ही लागण पोचली आहे, असं तो म्हणतो. ओस पडलेली देवळं पुन्हा भरू लागली आणि देवांना बळी दिलेल्या जनावरांच्या मांसाला परत गिऱ्हाईक आलं, हेही लगेच सांगतो. यात आपल्या उपायांना यश येतंय हे वरिष्ठांना पटवायचा हेतू आहे. मांसाच्या बाजाराची गोष्ट ठेवा, पण तिच्यावरून ख्रिस्ती लोकांचा आकडा काढू नका.

ट्रेजनचं उत्तर छोटं आहे. त्यांना शोधत फिरू नका. आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करा. जो नाकारेल आणि आपल्या देवांची पूजा करून दाखवेल त्याला सोडा. निनावी अर्ज मुळीच घेऊ नका, ते आपल्या काळाला शोभत नाही. पुढे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने यातली विसंगती नेमकी पकडली: शोधू नका म्हणजे निर्दोष, आणि शिक्षा करा म्हणजे दोषी. तरीही ‘शोधू नका’ या दोन शब्दांनी त्या मंडळींना श्वास घ्यायला जागा दिली, असं मला वाटतं.

आता त्याच खंडातली 33 आणि 34 क्रमांकाची पत्रं उघडा. यांत ख्रिस्ती लोकांचा उल्लेखही नाही, म्हणून बहुतेक जण ती सोडून देतात. निकोमीडिया शहरात मोठी आग लागली, तेव्हा प्लिनी विचारतो, आग विझवायला 150 जणांचं पथक उभारू का? ट्रेजन नाही म्हणतो: लोक कोणत्याही नावाने आणि कारणाने एकत्र आले, तरी त्याचा राजकीय गट व्हायला वेळ लागत नाही. हे वाचून पुन्हा 96 कडे या. प्लिनीने संघटनांवर बंदी घातल्यावर आम्ही एकत्र जेवणं थांबवलं, असं ते जबाब देणारे सांगतात, त्याचा अर्थ आता लागेल. रोमला भीती होती ती परवानगीशिवाय जमणाऱ्या माणसांची.

मग याच निकोमीडियावर, आजच्या इझमितवर, बोट ठेवून पुढे सरका. इ.स. 303 मध्ये तिथे सम्राट डायोक्लेशनचा राजवाडा होता, आणि राजवाड्यातून दिसेल अशा उंचवट्यावर ख्रिस्ती मंडळींचं चर्च उभं होतं. 23 फेब्रुवारीला सैनिकांनी ते पाडलं आणि ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ सुरू झाला. दहा वर्षांनी, 13 जून 313 ला, याच शहरात कॉन्स्टंटाइनचा सहसम्राट लिसिनियस याने दोघांच्या नावाचं, ख्रिस्ती लोकांना धर्म पाळायची मोकळीक देणारं फर्मान लावलं. महसूल खात्यातल्या माणसाने ते मन लावून वाचावं असं आहे. जप्त केलेल्या सभेच्या जागा मोबदला न घेता परत करायच्या. ज्यांनी त्या विकत घेतल्या त्यांनी भरपाईसाठी विकारियस या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. आणि या मालमत्ता एकेकट्या माणसाच्या नावे नव्हे, तर ख्रिस्ती लोकांच्या संस्थेच्या हक्काच्या म्हणून द्यायच्या. जिथे आग विझवणाऱ्या 150 जणांना संघटना नाकारली गेली होती, त्याच शहरात.