बिबट्याच्या डोक्याची काठी घरी कशी कोरायची

डॉक्टरांनी अण्णांना काठी घ्या म्हणून सांगितलं तर अण्णा दोन दिवस बोलेनात, म्हातारा झालो काय मी वगैरे. मग मी म्हटलं बिबट्याच्या तोंडाची करून देतो, तेव्हा कुठे गडी तयार झाला. आम्ही बोरिवलीचे, नॅशनल पार्क शेजारी, त्यामुळे बिबट्या म्हणजे घरचाच. आत्ताची ही माझी तिसरी काठी, आधीच्या दोन कशा बोंबलल्या तेही सांगतो.

आधी माप घ्या. ज्यांच्यासाठी करायची त्यांना रोजच्या चपला घालून सरळ उभं करायचं, हात सैल सोडायला सांगायचे, आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. ही झाली पूर्ण उंची, डोकं आणि खालचं रबर धरून. काठी धरल्यावर कोपर जरा वाकलेलं राहिलं पाहिजे, साधारण १५-२० अंश. अण्णांची ३४ इंच आली. दांडा सुरुवातीला दोन इंच जास्तच ठेवा, शेवटी कापता येतो.

लाकूड वखारीतून. मी रे रोडला गेलो, सागवानाची एक इंच चौरस पट्टी घेतली, उभ्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ आणि गाठ एकही नाही अशी निवडून, आणि दुपारी गर्दी नसताना लगेजच्या डब्यातून आणली. डोक्यासाठी मात्र शिवण घ्या. साग छान दिसतो पण पटाशीची धार पटकन खातो आणि बारीक कामात कपचा उडतो, शिवण हलकं आणि कोरायला गोड. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा डोक्यात आला असेल तर तो इथे नको, फार मऊ, काठी एकदा पडली की नाक चेपलं. ठोकळा ५ बाय ३ बाय २ इंच पुरतो.

आता रेषांचं बघा, इथेच माझी पहिली काठी गेली. ठोकळ्यातल्या रेषा बिबट्याच्या नाकापासून मानेकडे, म्हणजे आडव्या गेल्या पाहिजेत. मी उभ्या ठेवल्या होत्या, जबडा कोरताना पटाशी जरा जोरात लागली आणि अख्खं नाक हातात आलं. आडव्या रेषांत कान कच्चे राहतात हे खरं, म्हणून कान उभे करायचेच नाहीत, मागे झोपलेले, जाड आणि गोल ठेवायचे. बिबट्याचे कान तसेही छोटे गोलच असतात आणि टोकदार कान तळहातात रुततात ते वेगळंच.

कोरायच्या आधी शाडूचं डोकं करा, हे कोणी सांगत नाही पण मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. त्याच मापाचा ओला गोळा अण्णांच्या हातात दिला आणि म्हटलं काठी टेकताय असं दाबा. बोटं कुठे बसली, अंगठा कुठे गेला, सगळं मातीत उमटलं. तिथे भुवई किंवा गाल वर काढायचा नाही, बाकी जागेत काय हवी ती कलाकारी करा. खरा बिबट्या तोंडाने रुंद असतो पण इथे पावणेदोन इंचाच्या वर गेलात तर मुठीत मावणार नाही.

दांड्याचं भोक ठोकळा चौकोनी असतानाच पाडून घ्या, गुण्या (काटकोन बघायचं साधन) लावून. दुसऱ्या काठीला मी कोरून झाल्यावर पाडलं, डोकं असं तिरकं बसलं की बिबट्या कायम शेजाऱ्यांच्या दाराकडे बघतोय. भोक तळहाताचा भार पडतो त्याच्या बरोबर खाली, ९ एमएम, डोक्यात दीड इंच आणि दांड्यात अडीच इंच खोल, ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खूण करा.

मग शाडूचं डोकं समोर ठेवून बाजूचा आकार ठोकळ्यावर काढा, करवतीने जास्तीचं उडवा, मधोमध एक पेन्सिलची रेघ मारा आणि ती शेवटपर्यंत पुसू देऊ नका, पुसली की परत मारा, नाहीतर एक गाल सुजल्यासारखा होतो. पटाशीने मोठे उतार, गोल पटाशीने डोळ्यांचे खळगे, मग कानस, मग पॉलिश पेपर, आधी ८० नंबरचा, मग १२०, मग २२०. धार दर दहा-पंधरा मिनिटांनी निसण्यावर लावा, बोथट पटाशीला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती घसरते. डाव्या हातात जाड ग्लोव्ह हवाच, पेपर मारताना तोंडाला मास्क.

दांड्याचे चार कोपरे रंध्याने मारून आठ बाजू करा, मग सोळा, मग पेपरने गोल, आणि खाली निमुळता करत पाऊण इंचावर आणा. जोडायला ८ एमएमचा थ्रेडवाला रॉड, चार इंचाला जरा कमी, आणि अराल्डाइट. साग तेलकट असतो म्हणून दांड्याचं भोक आणि टोक आधी थिनरने पुसून घ्या. रॉड फिरवत हळू घाला म्हणजे आतली हवा निघते. रात्रभर हात लावू नका, आणि सकाळी स्वतःचं पूर्ण वजन टाकून बघितल्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नका.

रंग ॲक्रिलिक. एक पातळ प्रायमर, मग यलो ऑकरमध्ये थोडा बर्न्ट अंबर, हनुवटी आणि डोळ्यांखाली पांढरा. ठिपके काढताना सावध. पाकळ्यांसारखे पोकळ ठिपके बिबट्याच्या पाठीवर आणि कुशीवर असतात, तोंडावर आणि मानेवर छोटे भरीव काळे. मी आधी कपाळभर पाकळ्या काढल्या तर शेजारचा पोरगा विचारतो, काका याला कांजिण्या झाल्यात का. कानामागे काळा आणि मध्ये पांढरा डाग. डोळा मांजरासारखा उभ्या बाहुलीचा नको, बिबट्याची बाहुली गोल. गणपतीच्या कारखान्यात आखणी करताना बघितलं असेल ना, करंगळी टेकवून, श्वास धरून, एका दमात रेघ, तसंच झिरो नंबरच्या ब्रशने करायचं, आणि चमकीचा पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, नाहीतर बिबट्या तिरळा.

वरून क्लिअर पीयूचे (पॉलियुरेथेनचं पारदर्शक वॉर्निश) तीन पातळ हात, मध्ये ३२० च्या पेपरने हलकं घासून. घामाने नुसतं ॲक्रिलिक टिकत नाही. लॅकर मारणार असाल तर जुलैत मारू नका, दमट हवेत पांढरट झाक धरतो. दांड्याला मी जवसाचं तेल लावलं, पण त्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात, दोरीवर पसरून वाळवा.

खालचं रबर मेडिकलमध्ये मिळतं, आता दांडा मापाला कापा आणि टोकाची जाडी मोजून मगच घ्या, घट्ट बसलं पाहिजे. घासून गुळगुळीत झालं की लगेच बदला, पावसात लॉबीच्या टाइल्सवर फार बेकार घसरतं. अण्णा काठी नाक भिंतीला लावून उभी करतात, पहिल्याच महिन्यात नाकाचा रंग गेला, म्हणून ऑकर आणि काळा दोन्ही कुंकवाच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवलेत.