कापडी रणमैदान तयार करताना या चुका टाळा

अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांची लढाई झाली. ती टेबलावरच्या युद्धखेळात २८ मिलिमीटर उंचीच्या मिनिएचर (चिमुकल्या) सैनिकांनिशी मांडायची, तर सहा बाय चार फुटांचे वऱ्हाडी शिवार टेबलावर उभे करावे लागते, आणि तेवढा लाकडी बोर्ड वर्षभर ठेवायला खेड्यातल्या घरात जागा नसते. मांजरपाटावर ॲक्रिलिक सीलंट (फटी बुजवायची, नळीत मिळणारी लवचीक पेस्ट), रेती व रंग यांचा थर देऊन केलेले मैदान मात्र गुंडाळून कोपऱ्यात उभे करता येते. असे मैदान बिघडते, त्याचे कारण बहुधा एकच असते: कापड वाकते, पण त्यावर चढवलेला एखादा थर वाकत नाही.

पहिली चूक दुकानातच होते. हार्डवेअरच्या दुकानात नुसते ‘सीलंट द्या’ म्हटले, तर बहुतेक वेळा सिलिकॉनची नळी हाती येते. सिलिकॉनवर रंग धरत नाही. वाळलेला रंग नखाने पापुद्र्यासारखा निघतो, आणि मग त्या कापडाचे काहीही करता येत नाही. नळीवर ‘ॲक्रिलिक’ असे लिहिलेले आहे आणि त्यावर रंग देता येतो, हे वाचूनच ती घ्यावी. लिहिलेले पुसट असेल तर थोडे बोटावर घेऊन पाहावे: ओले ॲक्रिलिक पाण्याने धुऊन निघते, सिलिकॉन निघत नाही. सीलंटऐवजी फेव्हिकॉल किंवा भिंतीची पुट्टी वापरण्याचा मोह आवरावा, कारण दोन्ही वाळल्यावर कडक होतात आणि पहिल्याच गुंडाळीत त्यांना भेगा पडतात.

कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. तो न धुता वापरला, तर ओला थर बसताच कापड आटते आणि मैदानाच्या कडा पापडासारख्या वर वळतात. कापड गरम पाण्यात दोनदा धुऊन, वाळवून, फळीवर प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर टाचण्यांनी चारही बाजूंनी ताणून बसवावे. थर एक ते दोन मिलिमीटरचाच असावा. जाड थराची वरची साय लवकर धरते आणि आतले ओलेच राहते. मे महिन्यात गच्चीवर उन्हात वाळवल्यास हे हमखास होते. सावलीत, वारा लागेल अशा जागी पूर्ण एक दिवस वाळू द्यावे आणि पावसाळ्यात दोन-तीन दिवस थांबावे.

रंगाची चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिने मैदान आपले वाटतच नाही. पांढऱ्या सीलंटमध्ये नुसता काळा रंग मिसळला की कपाशीच्या काळ्या मातीऐवजी सिमेंटचा कोबा दिसतो. गडद तपकिरी रंग जास्त आणि काळा थोडा असे मिश्रण सीलंटमध्येच कालवावे, म्हणजे थर ओरखडला तरी आतून पांढरे दिसत नाही. चाळलेली बारीक रेती त्यातच मिसळावी. वाळल्यावर पातळ काळपट रंग फिरवून भेगांमध्ये उतरू द्यावा आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट खाकी रंग फक्त उंचवट्यांवर घासावा. विलायती कुरणासारखा हिरवागार रंग सबंध मैदानावर देऊ नये. नोव्हेंबरअखेरच्या वऱ्हाडात हिरवळ धुऱ्यांवर आणि नाल्याकाठी शोभते, वावरात नाही.

उभी ज्वारी कापडालाच चिकटवली, तर मैदान गुंडाळताच येत नाही. काथ्याच्या पायपुसण्याचे तुकडे कापून, पिवळट रंगवून, सुटे ठेवावेत. २८ मिलिमीटरच्या शिपायाशेजारी आठ फुटी ज्वारी सुमारे ४० मिलिमीटर भरते, म्हणजे शिपाई पिकात दिसेनासा झाला पाहिजे. पांदणही वेगळ्या पट्टीवर करावी, म्हणजे दुसऱ्या लढाईला ती हलवता येते.

मैदानाची घडी कधीही घालू नये. रंगाची बाजू बाहेर ठेवून ते चार इंची पीव्हीसी पाइपवर गुंडाळावे आणि थरांमध्ये बटर पेपर घालावा. माझे पहिले मैदान बटर पेपरविना उन्हाळाभर टिनाच्या खोलीत राहिले. पोळ्याच्या सुट्टीत उघडले, तेव्हा तळहाताएवढे मातीचे पोपडे मागच्या कापडाला चिकटून निघाले आणि खाली मांजरपाटाचे उघडे धागे दिसू लागले. ॲक्रिलिक उष्णतेने मऊ होते, हे तेव्हा कळले.

असे पोपडे निघाले तरी मैदान टाकून देऊ नये. मूळ मिश्रणाची एक घट्ट झाकणाची बरणी राखून ठेवलेली असेल, तर सैल झालेल्या कडा कापून, उघड्या धाग्यांत ते मिश्रण बोटाने दाबून भरावे, कडेला पातळ पसरावे आणि एक दिवसानंतर खाकी रंगाचा कोरडा ब्रश फिरवावा.