दोन नेटवर्कच्या वेशीवरची नोकरी : इंटरकनेक्टमध्ये येणाऱ्यांसाठी

एक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग) करून टेलिकॉममध्ये येणाऱ्या बहुतेक मुलामुलींना रेडिओचं काम हवं असतं. टॉवर, अँटेना, 5जी, ड्राइव्ह टेस्ट. ‘इंटरकनेक्ट टीममध्ये जागा आहे’ म्हटलं की चेहरा उतरतो, कारण कॉलेजात या विषयाचं नावही धड कानावर पडलेलं नसतं. मी ठाण्याची, नोकरी नवी मुंबईतल्या महापेला, आणि माझी जवळजवळ सगळी नोकरी याच विभागात झाली. नव्याने येणाऱ्यांना मी जे तोंडी सांगत असते ते इथे लिहून ठेवते आहे, कारण या कामाची गोडी लागायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बरीच चांगली मुलं दुसरीकडे निघून जातात.

तुमच्या कंपनीचं नेटवर्क कितीही मजबूत असो, तुमच्या ग्राहकाने लावलेले खूपसे कॉल दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे जातात. आपल्या हद्दीत आपण म्हणू ते होतं. वेशीपलीकडे स्पर्धक कंपनीचे इंजिनिअर बसलेले असतात, त्यांची यंत्रणा वेगळ्या व्हेंडरची असते, त्यांच्या अडचणी वेगळ्या असतात. त्यांच्याशी आधी ठरवायचं, ठरलेलं लिहायचं, लिहिलेलं तपासायचं आणि मगच ट्रॅफिक सोडायचं, हे आपलं काम. दोन्ही बाजूंनी प्रमाणग्रंथ, म्हणजे सगळ्यांसाठी छापलेले तांत्रिक नियम, पाळूनही कॉल लागत नाही असं होऊ शकतं. हे ज्याला कळलं त्याला हा विभाग कळला.

सुरुवात नकाशापासून करा. टेलिकॉमच्या हिशेबात देशाची 22 सेवाक्षेत्रं आहेत आणि त्यांच्या सीमा जिल्ह्यांच्या सीमांशी जुळत नाहीत. मुंबई सेवाक्षेत्रात मुंबईबरोबर नवी मुंबई आणि कल्याण टेलिफोन्सचा भाग येतो, म्हणून ठाण्याचा 022 आणि कल्याण-डोंबिवलीचा 0251 हे दोन्ही एकाच क्षेत्रात. पुणे मात्र महाराष्ट्र सेवाक्षेत्रात. त्यामुळे ठाण्याहून कल्याणला लावलेला मोबाइल कॉल क्षेत्राच्या आतला, आणि पुण्याला लावलेला कॉल दुसऱ्या सेवाक्षेत्रात जाणारा. ‘ठाणे महाराष्ट्रातच आहे ना?’ हा प्रश्न प्रत्येक नवीन बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच, आणि तो विचारायलाच हवा. राउटिंगचे निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात. त्यात 2011 पासून नंबर पोर्टेबिलिटी आली. नंबर पाहून आता तो कोणत्या कंपनीचा हे सांगता येत नाही. कॉल सुरू करणाऱ्या नेटवर्कलाच आधी पोर्टिंगची माहिती पाहून एलआरएन, म्हणजे नंबर आत्ता कोणत्या नेटवर्कमध्ये आहे ते सांगणारा क्रमांक, लावावा लागतो. ती माहिती शिळी असली तर कॉल चुकीच्या दारात जाऊन परत येतो.

दोन नेटवर्क जिथे जोडली जातात त्या जागेला आपण पीओआय म्हणतो. जुन्या पद्धतीत तिथे ई-वन वाहिन्या असतात. एक ई-वन म्हणजे 2.048 एमबीपीएस, त्यात एका वेळी 30 कॉल. किती ई-वन लागतील हे अंदाजाने ठरवत नाहीत, अर्लांगच्या सूत्राने ठरवतात (एक वाहिनी तासभर सतत व्यापलेली राहिली की एक अर्लांग ट्रॅफिक). ट्राय या दूरसंचार नियामकाच्या निकषानुसार पीओआयवर हजार कॉलांमागे पाचपेक्षा जास्त कॉल गर्दीमुळे परत जाता कामा नयेत, म्हणजे 0.5 टक्के. या मर्यादेत 30 वाहिन्यांवर साधारण 19 अर्लांग ट्रॅफिक मावतं, पण 60 वाहिन्या एका गटात घेतल्या तर जवळजवळ 45 मावतं. वाहिन्या दुप्पट, ट्रॅफिक दुपटीहून बरंच जास्त. छोटे छोटे गट करण्यापेक्षा मोठा गट का बरा, हे या एका उदाहरणातून समजतं. मुलाखतीत मी हे विचारते. सूत्र पाठ नसलं तरी चालतं, पण त्यामागचं कारण सांगता आलं पाहिजे.

हे आकडे किती तापू शकतात ते 2016 मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. सप्टेंबरमध्ये फक्त 4जीवर चालणारं नवीन नेटवर्क सुरू झालं, त्याचे ग्राहक झपाट्याने वाढले आणि त्यांचे कॉल जुन्या कंपन्यांच्या पीओआयवर अडकायला लागले. पोर्ट कोणी, किती आणि कधी द्यायचे यावर वाद झाला. त्यानंतर ट्रायची 2018 ची इंटरकनेक्शन नियमावली आली. मागणी आल्यापासून 30 दिवसांत, भेदभाव न करता करार करायचा हे तिच्यात लिहिलं गेलं. त्याच काळात कॉल पोचवण्याबद्दल समोरच्या कंपनीला द्यायचा आकार, म्हणजे आययूसी, 14 पैशांवरून 1 ऑक्टोबर 2017 पासून 6 पैसे झाला आणि 1 जानेवारी 2021 पासून देशातल्या कॉलसाठी शून्य. माझ्या मते शून्यावर आल्याने आपलं काम सोपं झालं, कारण तांत्रिक बैठकीतून पैशांचं सावट गेलं. व्यावसायिक टीममधले काही सहकारी वेगळं मत सांगतील, त्यांचंही ऐका.

या सगळ्यात एक विसंगती होती आणि आजच्या कामाचं मूळ तिच्यातच आहे. नवीन नेटवर्कच्या आत आवाज पूर्णपणे आयपीवर, म्हणजे इंटरनेटसारखा डेटाच्या पाकिटांतून; 4जीवरच्या या कॉलना व्होल्टी म्हणतात. वेशीवर मात्र जुनी ई-वन. म्हणजे आवाजाचं आयपीवरून टीडीएममध्ये, म्हणजे ई-वनच्या प्रत्येक कॉलला ठरावीक खण देणाऱ्या जुन्या पद्धतीत, रूपांतर करायचं, पलीकडच्याने गरज पडली तर परत आयपीत आणायचं. व्होल्टीमधला एएमआर-वाइडबँड आवाज 7 किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर नेतो. ई-वनच्या 64 केबीपीएस खणात 300 ते 3400 हर्ट्झच मावतात. दोन्ही हातांत महागडे फोन, दोन्ही बाजूंना व्होल्टी, तरी आजीचा आवाज डब्यातून आल्यासारखा. दोष ना फोनचा ना टॉवरचा, दोष वेशीवरचा. म्हणून आयपी इंटरकनेक्ट हवा, आणि म्हणून ही टीम.

आयपीवर जोडणी म्हणजे मुख्यतः सिप, कॉल जोडण्या-तोडण्याची संदेशभाषा. मूळ ग्रंथ 2002 चा आरएफसी 3261 (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे प्रमाणग्रंथ). तो वाचायला कंटाळा करू नका. नुसता इन्व्हाइट (कॉलची मागणी), 180 (रिंग वाजतेय), 200 (उचलला), बाय (संपला) एवढा प्रवास पाठ करून भागत नाही. मोबाइल कंपन्यांमधल्या जोडणीसाठी 3जीपीपी या मोबाइलची प्रमाणं ठरवणाऱ्या जागतिक मंडळाचा टीएस 29.165 आहे, मोबाइल कंपन्यांच्या जीएसएमए या संघटनेचा आयआर.95 आहे. 3जीपीपीचे सगळे ग्रंथ फुकट मिळतात. 29.165 उघडलात की मधले ढीगभर तक्ते पाहून घाबरू नका. आधी त्याचं ते परिशिष्ट काढा, ज्यात दोन कंपन्यांनी आपसात ठरवून घ्यायच्या पर्यायांची यादी आहे. ग्रंथ लिहिणाऱ्यांनीच तिथे सांगून ठेवलंय की हे मुद्दे आम्ही उघडे सोडलेत, तुमचं तुम्ही ठरवा. आमच्या बैठका म्हणजे बहुतांशी ती यादी भरणं असतं.

उघडा सोडलेला मुद्दा म्हणजे काय, ते कॉलर ट्यूनच्या उदाहरणाने सांगते. ट्यून समोरच्याच्या नेटवर्कमधून वाजते आणि फोन उचलायच्या आधीच आवाज आपल्याकडे यायला लागतो. याला अर्ली मीडिया म्हणतात. एका जोडणीच्या चाचणीत समोरचं नेटवर्क ट्यून वाजवताना फक्त 183 (कॉल पुढे सरकतोय) पाठवत होतं, त्यात एसडीपी म्हणजे आवाज कुठे-कसा पाठवायचा याचा तपशील होता, पण पी-अर्ली-मीडिया हा हेडर, म्हणजे उचलण्याआधीच्या आवाजाला परवानगी सांगणारी ओळ, नव्हती. 180 पाठवायची त्यांना गरज वाटत नव्हती, कारण गाणं तर वाजतंच आहे. आमच्या बाजूच्या एसबीसीचं, म्हणजे वेशीवरच्या पहारेकरी यंत्राचं, धोरण असं की हेडर नसेल तर उचलण्याआधीचा आवाज आत येऊ द्यायचा नाही, कारण ती फट उघडी ठेवली तर बिल न होता बोलता येतं. दोघांचंही वागणं नियमाला धरून होतं. ग्राहकाच्या कानात मात्र पूर्ण शांतता. ना रिंग, ना गाणं. माणूस थोडा वेळ वाट पाहतो आणि कट करतो.

अशा वेळी ट्रेस, म्हणजे संदेशांच्या नोंदी, घेऊन बसणं हा या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग. वायरशार्क या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बाजूंचे ट्रेस शेजारी शेजारी लावायचे, घड्याळं जुळवायची आणि एकेक संदेश वाचत जायचं. ब्रिजवर (दोन्ही कंपन्यांच्या कॉन्फरन्स कॉलवर) समोरून प्रश्न येतो, ‘तुमच्याकडे 183 पोचतंय ना?’ ‘पोचतंय, एसडीपीही आहे, मीडिया एसबीसीवर थांबतोय.’ ‘मग आमचा प्रॉब्लेम नाही.’ इथे नवीन माणूस भांडायला लागतो. भांडू नका. ‘हेडर तुम्ही वेशीवर घालू शकाल का, की आम्ही तुमच्या ट्रंकपुरतं धोरण बदलू?’ असं विचारा. त्या वेळी त्यांनी हेडर घालायचं मान्य केलं, ते वाक्य तांत्रिक जोडपत्रात गेलं आणि कॉलर ट्यूनची चाचणी कायमची टेस्ट केसमध्ये आली. तोंडी ठरलेलं इथे टिकत नाही. समोरचा माणूस नोकरी बदलतो, व्हेंडरचं नवीन सॉफ्टवेअर येतं, आणि कोणीतरी निर्मळ मनाने ते धोरण पूर्ववत करून टाकतं.

नंबर कसा लिहून पाठवायचा, +91 सकट की नुसते दहा आकडे, हाही असाच मुद्दा. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावून फोन करायचा नियम आला तेव्हा हा बदल सगळ्या कंपन्यांना एकाच वेळी करावा लागला. एका हाताने टाळी वाजत नाही, हे त्या काळात आम्ही सगळ्यांनी अनुभवलं. कॉल न लागण्याची कारणं एका भाषेतून दुसरीत नेणं हे आणखी एक काम. टीडीएममधला 17 क्रमांक म्हणजे ‘बिझी’, सिपमध्ये तो 486. अस्तित्वात नसलेल्या नंबरला कोणी 404 (सापडत नाही) ऐवजी 503 (सेवा तूर्त बंद) पाठवलं तर आपलं नेटवर्क बिचारं दुसरा, तिसरा मार्ग शोधत बसतं. आरएफसी 3398 मधला हे क्रमांक जुळवणारा तक्ता भिंतीवर लावून ठेवा.

कामाच्या वेळांबद्दल खरं सांगते. चालू ट्रॅफिकवरचा बदल रात्रीच होतो. एमओपी (कामाची लेखी, पायरीपायरीची पद्धत) आधी मंजूर, रोलबॅकची म्हणजे बदल मागे घ्यायची पायरी लिहिलेली, दोन्ही कंपन्यांची माणसं ब्रिजवर. गणपती, दिवाळी, 31 डिसेंबरला फ्रीझ, म्हणजे बदलांना बंदी, असतो, त्यामुळे त्याआधीचे आठवडे धावपळीचे. रात्रीच्या अ‍ॅक्टिव्हिटीला ऑफिसची गाडी मिळते का, आणि मुलींसाठी सोबतीची व्यवस्था आहे का, हे नोकरी घेतानाच विचारा. ठाणे-वाशी लोकल रात्रभर नसते, आणि महापे एमआयडीसीतला रस्ता उत्तररात्री अगदी सुनसान असतो. हे विचारलं म्हणून कोणी तुम्हाला कमी लेखत असेल तर ती जागा तुमच्यासाठी नाही.

आता 5जी. आपल्याकडे ते 1 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं आणि अनेकांना वाटतं की इंटरकनेक्टही आता सगळं नवीन. आवाजापुरतं तसं नाही. 5जी फोनवरचा कॉलही आयएमएसमधूनच, म्हणजे व्होल्टी कॉल हाताळणाऱ्या यंत्रणेतूनच, जातो आणि वेशीवर तोच सिप. म्हणून सिप पक्कं केलंत तर ते वाया जात नाही. खरा बदल रोमिंगमध्ये आहे. स्वतंत्र 5जी कोअर असलेली दोन नेटवर्क एकमेकांशी एचटीटीपी/2 वर बोलतात, आणि वेशीवर सेप नावाचा पहारेकरी बसवणं प्रमाणग्रंथातच घातलं गेलं. त्यामागे जुना धडा आहे. एसएस7 ही जुन्या नेटवर्कांची आपसातली संदेशभाषा तयार झाली तेव्हा जोडलेलं प्रत्येक नेटवर्क विश्वासाचं धरलं होतं. डिसेंबर 2014 मध्ये हॅम्बर्गच्या परिषदेत संशोधकांनी त्याच विश्वासाचा फायदा घेऊन फोनचा ठावठिकाणा कसा काढता येतो ते जाहीर दाखवलं. 5जीच्या आखणीत म्हणून दोन सेपमधली एन32 ही जोडणी सुरक्षित करूनच घेतली. कोणाचं प्रमाणपत्र कोणी मानायचं, ते कधी बदलायचं, मधल्या वाहकाला संदेशातलं काय बदलू द्यायचं, हे पुन्हा आपसात ठरवायचे मुद्दे. 5जीच्या सुरक्षेचा ग्रंथ टीएस 33.501, त्यातला एन32 चा भाग वाचायला घ्या. या विषयाची जाण असलेली माणसं अजून थोडी आहेत.

आपल्या कामाचा सामान्य माणसाला थेट उपयोग कुठे, असं घरचे विचारतात तेव्हा मी परदेशातून येणाऱ्या खोट्या कॉलांचं सांगते. परदेशातून आलेला कॉल भारतीय नंबर दाखवतो, पलीकडचा स्वतःला पोलिस म्हणवतो आणि ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी काढून घेतो. असा कॉल अडवायचा तर आंतरराष्ट्रीय वेशीवरच्या यंत्रणेला कळायला हवं की हा भारतीय नंबर खरंच आत्ता परदेशात रोमिंगवर आहे का. ते उत्तर एका कंपनीकडे नसतं, सगळ्यांनी मिळून द्यावं लागतं. ऑक्टोबर 2024 मध्ये दूरसंचार विभागाने अशा कॉलांना रोखणारी केंद्रीय यंत्रणा सुरू केली.

वाचनाबद्दल एकच आग्रह. ट्राय एखाद्या विषयावर सल्लापत्र काढते तेव्हा कंपन्यांची लेखी मतं आणि एकमेकांच्या मतांवरची उत्तरंही आपल्या संकेतस्थळावर ठेवते. ती वाचा, मुख्यतः आपल्या स्पर्धकांची. बैठकीत समोरचा एखाद्या पोर्टसाठी का अडून बसलाय याचं कारण तिथे आधीच छापलेलं असतं. आणि टीएसडीएसआय ही दूरसंचाराची प्रमाणं ठरवणारी भारतीय संस्था 3जीपीपीच्या सात भागीदार संस्थांपैकी एक आहे. कंपनी तिची सदस्य असेल तर कोणत्या गटात आपलं कोण बसतं ते शोधून काढा आणि त्यांना सांगा की टिपणं काढायला मी येते किंवा येतो. टिपणं काढणाऱ्याला बैठकीतलं प्रत्येक वाक्य समजून घ्यावं लागतं, म्हणून ते काम पहिल्या वर्षातच मागून घ्या.