मुलांची अभ्यासाची गोडी टिकवायची कशी?

लहान मूल दिवसभर ‘हे काय?’, ‘असं का?’ विचारत असतं. त्याला शिकायला कुणी लावलेलं नसतं. शाळा सुरू झाल्यावर काही वर्षांत ही गोडी आटते आणि त्यात आपल्या बोलण्या-वागण्याचा वाटा मोठा असतो. पुढच्या गोष्टी क्रमाने करून बघा.

आधी नुसतं पाहा. न सांगता मूल काय करतं? कोणतं पुस्तक पुन्हा उघडतं, कोणत्या विषयाची वही सगळ्यात शेवटी काढतं? आठवडाभर पाहा आणि त्यावर काही बोलू नका. हेच सर्वांत अवघड जातं.

बक्षीस जपून लावा. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली चित्रकलेची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधीच सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. घोळ झाला तो आधी ठरलेल्या सौद्यामुळे. तेव्हा आपणहून वाचणाऱ्या मुलाला पानामागे बक्षीस लावू नका. पाढे पाठ करण्यासारख्या कंटाळवाण्या कामाला थोडं आमिष चालेल. तिथे गोडीच नसेल तर घालवणार काय?

शाबासकी नेमकी द्या. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांना कोडी घातली. काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यात आपटी खाल्ल्यावर ‘हुशार’ मुलांनी लवकर हात टेकले; पुढची सोपी कोडीही त्यांना आधीपेक्षा कमी सुटली. इतकंच नव्हे, अनोळखी मुलांना आपले गुण कळवताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. म्हणून ‘पहिली रीत जमली नाही तेव्हा तू आकृती काढून पाहिलीस’ असं दिसलं तेच बोला. मेहनतीचं खोटं कौतुकही करू नका, मुलं ते बरोबर ओळखतात.

पेपर हातात आला की आधी चूक बघा, गुण नंतर. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसते शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा हा फायदा दिसला नाही. शिक्षक असाल तर शेरे आज द्या, गुण उद्या. पालक असाल तर ‘किती मिळाले?’ ऐवजी ‘कुठे अडलास?’ विचारा. शेजारच्या मुलाचे गुण तर विचारूच नका.

थोडी निवड मुलावर सोडा. अभ्यास करायचा की नाही, हा पर्याय नको. पण आधी कोणता विषय आणि कुठे बसून, हे त्याला ठरवू द्या.

स्वतःची धास्ती त्याच्या गळ्यात घालू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली-दुसरीची मुलं होती. गणिताची भीती असलेले जे पालक वरचेवर गृहपाठात मदत करत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि मुलांच्या मनातली गणिताची भीतीही वाढली. ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ हे वाक्य आपण धीर द्यायला म्हणतो. मुलाला त्यातून सुटका दिसते. तुम्हाला विषय जड जात असेल तर शिकवायला बसू नका. सोडवलेलं उदाहरण त्यालाच समजावून सांगू द्या. कळलं नाही तर ‘ही पायरी पुन्हा सांग’ म्हणा, आणि दोघंही अडलात तर वहीवर खूण करून ते उदाहरण दुसऱ्या दिवशी बाईंना विचारायला ठेवा.