रिसायकल प्लास्टिकच्या शीटची फळी: कापण्यापासून भिंतीवर बसवण्यापर्यंत

रिसायकल केलेल्या प्लास्टिकची शीट पहिल्यांदा हाताळणारा माणूस तिच्याशी प्लायवूडसारखा वागतो. तेच पातं, तोच लाकडाचा गोंद, तेच स्क्रू. मग पातं मध्येच अडकून बसतं, गोंद वाळल्यावर पापुद्र्यासारखा निघून येतो आणि काही महिन्यांत फळीला बाक येतो. प्लास्टिक पाणी पीत नाही, गोंद धरत नाही, उष्णतेने चांगलंच लांब होतं आणि वजनाखाली हळूहळू वाकत राहतं. एवढं लक्षात घेऊन काम केलं तर साधी हत्यारंही पुरतात.

धुतलेल्या बाटल्या, झाकणं, डबे यांचा चुरा करून तो गरम प्रेसमध्ये दाबला की ही ठिपक्याठिपक्यांची शीट तयार होते. डेव्ह हॅकेन्स या डच डिझायनरने २०१३ मध्ये 'प्रेशस प्लास्टिक' हा प्रकल्प सुरू केला आणि अशा यंत्रांचे आराखडे सगळ्यांना खुले केले. आता लहान कार्यशाळाही या शीट बनवतात. शीट घरी वितळवून बनवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. धूर, तापमान आणि एकसारखा दाब हे तिन्ही सांभाळणं स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं काम नाही. शीट तयार घ्या आणि आपली मेहनत कापण्या-जोडण्यात घाला.

इथे आपण बाथरूमसाठी ४५ सेंमी लांब आणि १५ सेंमी रुंद फळी करणार आहोत. लाकूड जिथे फुगतं आणि कुजतं, तिथेच या सामानाचा खरा फायदा दिसतो.

शीट कशाची आहे ते आधी ओळखा

प्लास्टिकच्या वस्तूंवर त्रिकोणात १ ते ७ असे आकडे असतात. ही पद्धत १९८८ पासून चालत आली आहे. शीटच्या बाबतीत आपल्याला मुख्यतः तीन आकडे भेटतात: २ म्हणजे एचडीपीई (शाम्पूच्या बाटल्या, कॅन), ५ म्हणजे पीपी (डबे, बरीचशी झाकणं) आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. विकणाऱ्याला सरळ विचारा. त्याला सांगता आलं नाही आणि 'मिक्स आहे' असं उत्तर आलं, तर ती शीट घेऊ नका. वेगवेगळी प्लास्टिकं एकमेकांत नीट मुरत नाहीत आणि अशी शीट जोडाच्या रेषेवर तडकते.

घरात आधीच एखादा तुकडा पडला असेल तर दोन सोप्या परीक्षा करता येतात. पाण्यात साबणाचा थेंब टाका, म्हणजे तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटणार नाहीत, आणि तुकडा बुडवून सोडा. एचडीपीई आणि पीपी पाण्याहून हलकी असल्याने वर येतात, पॉलिस्टायरिन तळाशी जातं. दुसरी परीक्षा कानाची. तुकडा सिमेंटच्या फरशीवर टाकला की पॉलिस्टायरिन खणखणतं, एचडीपीईचा आवाज बद्द येतो. एचडीपीईला हात लावला तर ती किंचित मेणचट लागते. तुकडा जाळून वास घेण्याचा सल्लाही काही जण देतात. तो मानू नका, कारण तो पीव्हीसी निघाला तर हायड्रोजन क्लोराइडसारखा घातक वायू थेट नाकात जाईल.

आपल्या फळीला १२ मिमी जाडीची एचडीपीई घ्या. पॉलिस्टायरिन दिसायला चकचकीत आणि हाताला जास्त ताठ असतं, पण बाथरूममध्ये ते नको. नेलपॉलिश काढायच्या द्रवात अ‍ॅसिटोन असतं. त्याची बाटली थोडी जरी गळली तरी तिच्याखालचं पॉलिस्टायरिन मऊ पडतं आणि बुडाचा गोल ठसा कायमचा राहतो. एचडीपीईला त्याने काही होत नाही.

निवडताना शीट डोळ्यासमोर आडवी धरून कडेच्या रेषेत बघा, बाक लगेच कळतो. कापलेल्या कडेत बुडबुड्यांची पोकळी दिसते का तेही पाहा. घरी आणल्यावर एक दिवस सपाट जमिनीवर पडू द्या. भिंतीला टेकवून तिरकी ठेवलीत तर ती त्याच आकाराची सवय लावून घेईल.

बाक का येतो, आणि तो कसा टाळायचा

एचडीपीईचा ताठपणा प्लायवूडच्या साधारण एक दशांश असतो. म्हणजे प्लायवूडची जी फळी बिनतक्रार वजन पेलते, तेवढ्याच जाडीची एचडीपीई त्याच वजनाखाली दहापट वाकते. शिवाय ती पहिल्या दिवशी जेवढी वाकते तेवढ्यावर थांबत नाही, वजन तसंच राहिलं तर महिनोन्‌महिने थोडी थोडी खाली येत जाते.

यावर उपाय हिशेबाचा आहे. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. आधारांमधलं अंतर दीडपट केलं, तर फळीवर तशाच दाटीने सामान असताना बाक पाचपट वाढतो. म्हणून कंस (भिंतीवर फळी पेलणारे ब्रॅकेट) फळीच्या टोकांना लावू नका. ४५ सेंमीच्या फळीला दोन कंस एकमेकांपासून ३० सेंमीवर लावा आणि दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात सेंमी फळी मोकळी सोडा. त्याखेरीज पुढच्या कडेखाली ३० मिमी उंचीची उभी पट्टी बसवा. एवढीशी पट्टी फळीला जो ताठपणा देते तो आणखी जाड शीट घेऊनही सहज मिळत नाही, आणि फळी दिसायलाही भरीव वाटते. मोठी टेबलटॉप करायची असेल तर खाली लोखंडी चौकट हवीच.

आखणी आणि कापणी

या शीटवर पेन्सिल उमटत नाही, आणि रंगीबेरंगी ठिपक्यांत मार्कर दिसत नाही. कापायच्या रेषेवर मास्किंग टेप चिकटवा आणि गुण्या लावून टेपवर आखा. फळीचा तुकडा ४५० × १५० मिमी, पट्टीचा ४५० × ३० मिमी.

जिगसॉ (उभ्या पात्याची विजेवरची करवत) असेल तर लाकडाचं जाड दातांचं पातं लावा, इंचाला ६ ते १० दात पुरेत. बारीक दातांचं, धातू कापायचं पातं वापरू नका. दातांमधली जागा कमी असल्याने भुसा बाहेर पडत नाही, तिथेच घासून वितळतो आणि पात्यामागची फट पुन्हा चिकटून बसते. वेग मध्यमाच्या खाली ठेवा आणि हात मात्र थांबवू नका. एकाच जागी फिरणारं पातं सगळ्यात जास्त तापतं. शीट क्लॅम्पने घट्ट धरा आणि सुटणाऱ्या तुकड्यालाही खालून आधार द्या, नाहीतर तो लोंबकळून पातं आवळतो.

काम बरोबर चाललंय की नाही हे भुशाकडे पाहून कळतं. कोरडे, सुटे, तांदळाच्या कणीसारखे तुकडे पडत असतील तर सगळं ठीक आहे. लांब तार सुटायला लागली किंवा पात्याला गोळे चिकटले तर थांबा, पातं थंड होऊ द्या, वेग कमी करा आणि थोडं जास्त रेटून पुढे जा. यंत्र नसेल तर सुताराची साधी हातकरवत छान चालते. वेळ लागतो, पण वितळण्याची भीती जवळजवळ नाही.

खाली जुनी चादर अंथरा. हा भुसा स्थिर विजेमुळे हाताला, कपड्याला, भिंतीलाही चिकटतो, आणि झाडून मोरीत गेला तर तसाच पाण्यात जाऊन मिसळतो. चादरीची घडी करून तो पिशवीत भरा. त्यात लाकडाचा भुसा मिसळलेला नसेल तर शीट बनवणारी कार्यशाळा तो परत घेते का, विचारून पाहा. कापताना चष्मा हवाच.

कडा

सँडपेपर इथे निराशा करतो. एचडीपीई घासली की तिला पांढरट लव सुटते आणि जितकं घासाल तितकी ती वाढते. त्याऐवजी धारदार पटाशी किंवा कटरचं पातं कडेवर जवळजवळ काटकोनात धरा आणि स्वतःकडे ओढत खरवडा. पातळ वेटोळी निघतात आणि खालची कड गुळगुळीत लागते. धार लावलेला रंधाही सुरेख चालतो. कोपऱ्यांची धार ४५ अंशांत दोनेक मिमी मारून टाका. ओल्या हाताला ती चांगलीच लागते.

भोकं आणि जोडणी

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा. एचडीपीई दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.१५ मिमी लांबते. थंडीतल्या पहाटेपासून गरम पाण्याच्या वाफेपर्यंत २५ अंशांचा फरक धरला तर आपली ४५ सेंमीची फळी दीड मिमीहून जास्त लांब-आखूड होते. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर तिला जायला जागा राहत नाही आणि ती फुगवटा धरते. म्हणून एका कंसावर गोल भोक ठेवा, दुसऱ्यावर फळीच्या लांबीच्या दिशेने लांबट खाच. ४ मिमीच्या बोल्टला एकीकडे साडेचार मिमीचं भोक आणि दुसरीकडे आठ मिमी लांबीची खाच पुरते. खाच करायला शेजारी शेजारी दोन भोकं पाडा आणि मधला भाग बारीक कानशीने काढा.

ड्रिल सावकाश चालवा आणि दर थोड्या खोलीला वर उचलून कीस साफ करा. खाली लाकडाचा तुकडा ठेवलात तर भोकाच्या मागे कंगोरे येत नाहीत.

बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, सपाट बुडाचं डोकं असलेले घ्या, आणि वर-खाली रुंद वॉशर घाला. शंकूच्या आकाराचं, आत बुडणारं डोकं पाचरीसारखं प्लास्टिक फाकवतं, ते टाळा. नट नायलॉनची कडी असलेला घ्या. तो पूर्ण न आवळताही जागेवर राहतो, त्यामुळे खाचेच्या बाजूला फळीला सरकायला मोकळीक मिळते.

पुढची पट्टी त्याच शीटची असल्याने दोन्ही एकत्रच लांबतात, तिथे खाचेची गरज नाही. फळीत वरून आरपार भोकं पाडा, पट्टीच्या कडेत स्क्रूहून बारीक भोक घ्या आणि दर दहा सेंमीवर एक लांब स्क्रू हातानेच पिळा. पट्टीची जाडी १२ मिमीच असल्याने भोक बरोबर मध्यावर आलं पाहिजे, नाहीतर बाजूला फुगवटा येतो. कंसाचा आडवा हात १३ सेंमीहून लांब नको, तो पट्टीला अडेल.

गोंदाबद्दल थोडक्यात: एचडीपीई आणि पीपीच्या पृष्ठभागावर बहुतेक गोंद पसरतच नाहीत, मग धरणार कसे? खास प्रायमर आणि त्यांच्यासाठी बनवलेले गोंद असतात, पण घरकामाला बोल्ट-स्क्रूच बरे. फळी पुढे कधी मोडीत काढायची वेळ आली तर स्क्रू काढून प्लास्टिक स्वच्छ वेगळं करता येतं आणि पुन्हा रिसायकलला देता येतं. गोंद आणि रंग लावलेल्या तुकड्याला कोणी विचारत नाही.

भिंतीवर

आतून नळाची किंवा विजेची लाइन जात नाही ना, याची खात्री करा. पाणसळ लावून दोन्ही कंसांच्या जागा आखा. टाइल असेल तर भोकाच्या जागी मास्किंग टेप चिकटवा म्हणजे ड्रिल घसरत नाही, आणि टाइल आरपार होईपर्यंत ड्रिलचा ठोक्याचा मोड बंद ठेवा. मग भोकात गिट्टी (स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) ठोका, कंस बसवा, वर फळी ठेवा. फळी आणि भिंत यांच्यात तीनेक मिमीची फट राहू द्या. पाणी तिथून निथळतं आणि साबणाचा राप साचत नाही.

याच पद्धतीने आणखी काय, आणि काय नको

कुंड्यांचे स्टँड, ड्रॉवरची दर्शनी पाटी, घड्याळाची तबकडी, खुंट्यांची पाटी, चौकटीवर टेकलेलं लहान टेबल हे सगळं जमतं. उन्हात ठेवायची वस्तू असेल तर काळी शीट घ्या. काळेपणा कार्बनचा असेल तर तो अतिनील किरणांना अडवतो. फिक्या रंगाची शीट, आत संरक्षक द्रव्य नसेल तर, उन्हात काही काळाने खडूसारखी पांढुरकी आणि ठिसूळ होते.

भाज्या चिरायचा पाट या शीटचा करू नका. आधी त्या बाटल्यांत काय होतं हे आपल्याला ठाऊक नसतं. शेगडी, हीटर, दिव्याची गरम काच यांपासून लांब ठेवा. हे प्लास्टिक पेटलं तर जळते थेंब गाळतं. शिडीची पायरी किंवा पाळणा यांसारखं, मोडलं तर माणूस पडेल असं काही यातून बनवायला मी तरी सांगणार नाही.

फळी लावून महिना झाला की एकदा बोल्ट तपासा. वॉशरखालचं प्लास्टिक दाबाने थोडं बसतं आणि नट किंचित सैल होतो. गोल भोकाच्या बाजूचा नट हाताने हलत असेल तर पाव फेरा आवळा, खाचेच्या बाजूचा तसाच राहू द्या.