रोबोकॉनचा संघ पुढच्या वर्षीही उभा राहावा म्हणून

एबीयू रोबोकॉन या आशिया-पॅसिफिकमधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धेचा विषय दरवर्षी बदलतो. 2008 साली पुण्यातील स्पर्धेचा विषय दहीहंडीवर बेतलेला 'गोविंदा' होता, तर 2022 साली नवी दिल्लीत लगोरी. त्यामुळे जुना रोबो जसाच्या तसा पुढे कामी येत नाही. कामी येते ती तो बनवणाऱ्यांची जाण, आणि नेमकी तीच अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर महाविद्यालयाबाहेर पडते.

ज्युनिअरांच्या प्रशिक्षणाची सुरुवात व्याख्यानांनी करू नये. गेल्या वर्षीचा रोबो त्यांच्यापुढे ठेवून तो पूर्ण सुटा करायला आणि पुन्हा जोडून चालवायला सांगावे. कोणता बोल्ट धक्क्यांनी ढिला होतो, एन्कोडरची (चाक किती फिरले हे मोजणाऱ्या सेन्सरची) वायर कुठे ताणली जाते, हे त्यातूनच कळते. जोडणी चुकून चाक उलटे फिरू लागले तरी सिनिअरांनी लगेच हात घालू नये, तर मल्टिमीटर ज्युनिअरांच्याच हाती देऊन दोष कुठे असावा याचा तर्क त्यांना करू द्यावा. एवढा संयम बहुतेक सिनिअरांकडे नसतो, हेही मान्य केले पाहिजे.

लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीच्या बाबतीत मात्र चुकत शिकण्याची मुभा देऊ नये. प्रत्येक सेल 4.2 व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही, 3 व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही, दीर्घकाळ ठेवताना साधारण 3.8 व्होल्टवर ठेवायचा, चार्जिंग सोडून जायचे नाही आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. हे पाठ झाल्याशिवाय कोणालाही चार्जर देऊ नये.

कोड गिटवर (कोडमधील बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीवर) असतोच, पण तो तसा का लिहिला हे तेथे क्वचितच सापडते. म्हणून वहीत पीआयडीच्या (रोबोची हालचाल नियंत्रित करणाऱ्या सूत्राच्या) आकड्यांसोबत त्या वेळचे बॅटरीचे व्होल्टेज आणि रोबोचे वजन लिहावे, तसेच करून पाहिलेल्या व सोडून दिलेल्या रचनाही कारणासह नोंदवाव्यात. लेझर कटिंग वेळेवर कोण करून देतो, खरेदीच्या बिलावर कोणाची सही लागते, ही माहितीही त्याच वहीत हवी.

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे एखादा भाग, उदाहरणार्थ न्यूमॅटिक ग्रिपर (हवेच्या दाबावर चालणारी पकड), आराखड्यापासून चाचणीपर्यंत संपूर्ण सोपवावा. निव्वळ सोल्डरिंग आणि सामान आणण्यावर ठेवलेली मुले सहा महिन्यांत संघ सोडतात. स्पर्धेच्या काही आठवडे आधी एक पूर्ण सराव असा घ्यावा, की ज्यात सिनिअर प्रयोगशाळेत पाऊलही ठेवणार नाहीत, आणि त्या दिवशी जे अडेल तेच पुढच्या आठवड्यात शिकवावे.